डब्याला ताट नसतं

भिलाई,
शनिवार, १९ नोव्हेंबर १९६०

प्रिय माय,

मागच्या पत्रात मी एक चुकीचं लिहिलं, ते आधी दुरुस्त करते. वहिनी नळावर पाय घसरून पडली असं मी लिहिलं होतं. ती घसरली नाही. आमच्या रांगेच्या नळाखालचा ओटा नवा आहे, त्यावर शेवाळ धरायला अजून एक पावसाळा जावा लागेल, आणि त्या वेळी तिथं पाणीही सांडलेलं नव्हतं. गुरुवारी, दहा तारखेला, सकाळी दहाच्या सुमारास ती भरलेला गुंड उचलायला वाकली, डोळ्यांपुढं अंधारी आली म्हणून तिथंच बसली आणि बसल्या जागी कलंडली. तिच्या पोटात आदल्या दिवशीच्या दुपारी तीनपासून अन्नाचा कण नव्हता. म्हणजे एकोणीस तास. मी बोटांवर तीनदा मोजले. घसरले असं वहिनीनं सांगितलं, दादानं ते मानलं, आणि मला खरं कळलेलं असूनही मी तुला तेच लिहून पाठवलं.

राधाबाई, हे पत्र तुम्हीच मायला वाचून दाखवाल. मला बाराखडी तुम्ही शिकवलीत, म्हणून हक्कानं एक विनंती करते. हे ओसरीवर चार बायांत वाचू नका. माय एकटी असेल तेव्हा वाचा, आणि जिथं माझी चूक आहे तिथं आवाज बारीक करू नका. मायला भराभर वाचलेलं कळत नाही, तरी ती ‘समजलं’ म्हणते, हे तुम्हालाही माहीत आहे.

माय, घाबरू नकोस. आज वहिनी बरी आहे. सहावा महिना लागला आहे, पोटातलं हलतं. या आठवड्यात दादाची पहिली पाळी आहे, तो अडीचला घरी येतो, जेवतो, त्याच्या मागून ती जेवते, रात्री पुन्हा तसंच. मी समोर बसून बघते. मी बघते म्हणून ती लाजते आणि घास लहान घेते, मग मी भिंतीकडं बघते. आत्ता दादा जेवून झोपला आहे, वहिनी दारात तांदूळ निवडते आहे, आणि मी पेटीवर कागद ठेवून लिहिते आहे. तिला वाटतं मी दवाखान्याचं काही लिहिते. मी फार थकले आहे माय. काम जास्त आहे असं नाही. रात्री झोप लागत नाही, आणि जरा लागली की कारखान्याचा भोंगा होतो.

पोळ्याला दादा गावी आला तेव्हा तू विचारलं होतंस, केवल इतका कसा वाळला. तेव्हा मी उन्हाळ्यावर ढकललं. खरं कारण रात्रपाळी होती. तीन आठवड्यांतून एक आठवडा त्याला रात्री दहा ते सकाळी सहा जावं लागतं. कोकच्या भट्टीची दारं साफ करण्याचं काम, पायात लाकडी तळाचे जोडे, तोंडाला फडकं, खिशात मिठाच्या गोळ्या. पूर्वी तो रात्री आठला पोटभर वरण-भात जेवायचा, भरल्या पोटी तीन मैल सायकल मारायचा, आणि दोनच्या सुमारास त्याला अशी गुंगी यायची की उभ्या उभ्या मान पडायची. ती घालवायला चहा, विडी, परत चहा. सकाळी घरी आला की पुन्हा ताटभर भात आणि त्यावर झोप. घशाशी आंबट यायचं, झोपेत कण्हायचा. सप्टेंबरात एकदा अशीच मान पडली तेव्हा मुकादमानं मागून कॉलर धरली म्हणून निभावलं. दादानं ते घरी हसत सांगितलं. म्हणाला, ‘भट्टीनं म्हटलं, या पाहुणे, आतच या.’ वहिनी हसली नाही. उठून बाहेर गेली.

दवाखान्यात माझं काम चिठ्ठ्या लिहिण्याचं. नाव, वय, खातं, काय दुखतं. ज्याला सही येत नाही त्याचा अंगठा शाईच्या गादीवर टेकवून कागदावर घ्यायचा. रात्रपाळीची माणसं सकाळी घरी न जाता सरळ इथं येतात, आणि दहांतल्या सहा जणांचं एकच, पोट. मी दादाचं आमच्या सिस्टरांना विचारलं. त्या केरळच्या, अकरा वर्षं रात्रीची ड्यूटी केलेल्या. म्हणाल्या, ‘रात को पेट को मजदूरी पे मत भेजो, मथुरा. पेट सूरज देखके काम करता है.’ मग त्यांनी आपली रीत सांगितली. मुख्य जेवण दिवसा, झोपून उठल्यावर. ड्यूटीवर साडेबाराच्या सुमारास हलका डबा, त्यानंतर उजाडेपर्यंत पाणी. चहा एकदाच, तोही दोनच्या आत, नाहीतर सकाळची झोप जाते. घरी आल्यावर झोपण्याआधी काहीतरी पातळ आणि कोमट घ्यायचं, म्हणजे पोट जडही होत नाही आणि भुकेनं जागही येत नाही.

मी घरी येऊन गेल्या सालच्या कॅलेंडरच्या पाठीवर तक्ता केला. पट्टीनं रेघा मारल्या. दुपारी तीन, भात, वरण, भाजी, ताक. रात्री साडेबारा, ज्वारीची भाकर, सुकी भाजी, कांदा. सकाळी सात, पेज किंवा आंबील, एक पेला. खाली माझं रात्रीचं आठचं जेवणही लिहिलं, कारण घरातलं सगळं एका कागदावर असावं असं मला वाटलं. दोघांची जेवणं लिहिली माय. घरात आम्ही तिघं आहोत. तो कागद दोन महिने शेगडीच्या वरच्या भिंतीवर होता, मी रोज त्याखाली बसून जेवले, आणि मला ते दिसलं नाही.

तक्ता लागू पडला, हे मी तुला लिहिलंच होतं. दादाचं आंबट ढेकर देणं थांबलं, दोनला मान पडेना, दुपारपर्यंत सलग झोपू लागला. शेजारच्या भैयालालनं तक्त्याची नक्कल करून नेली. मला वाटलं, तुम्ही सगळ्यांनी मला शाळेत घातलं त्याचं काही झालं. एकच गोष्ट खटकायची. सकाळी डब्यात अर्धी भाकर परत यायची, रोज अर्धीच. मी दादाला म्हटलं, तुला भूक तरी लागत नाही, नाहीतर तू वेळ पाळत नाहीस. तो म्हणाला, ‘मथुरे, तू माह्या डब्याची मुकादम केव्हापासून झाली? राहू दे ना अर्धी.’ मी ऐकलं नाही. दिवाळीनंतर तक्त्याच्या तळाशी लाल पेन्सिलीनं लिहिलं, डबा संपवून आणावा. दादाला माझं अक्षर जुळवून जुळवून वाचता येऊ लागलं आहे. त्यानं ते वाचलं, एकदा वहिनीकडं पाहिलं, आणि त्या सोमवारपासून डबा रिकामा आणू लागला. संपत नसे तेव्हा अर्धी भाकर भट्टीवर सोबतच्या पुंडलिकला देऊन येई, हे मला नंतर कळलं. वहिनी तेव्हा शेगडीपाशीच होती. ती काही बोलली नाही. मी खूश झाले.

हे सोमवारी. गुरुवारी ती पडली.

पलीकडच्या रांगेतल्या रंभानं तिला उचललं. रंभा इथलीच, धमध्याकडची, रोज सकाळी आदल्या रात्रीचा पाण्यात भिजवलेला भात, त्याला इथले लोक बासी म्हणतात, मीठ-कांद्याशी खाऊन कामाला लागते, नवरा कुठल्याही पाळीत असो. तिनं बासीचा कटोरा वहिनीच्या तोंडाशी धरला. वहिनीनं ओठ मिटून घेतले. रंभा चिडली. ‘पेट मा लइका हे, अउ तैं उपास करथस?’ पोटात लेकरू आणि उपास कसला, म्हणून ओरडली, आणि तिला रिक्षात घालून माझ्याकडं घेऊन आली. सिस्टरांनी नाडी पाहिली, डोळ्यांची पापणी उलटी करून पाहिली. विचारलं, कल रात को क्या खाया? वहिनी म्हणाली, जेवली. क्या खाया? सिस्टर माझ्याकडं वळल्या. ‘तुम एक घर में रहते हो, तुम को नहीं मालूम?’ मला खरंच माहीत नव्हतं माय. रोज रात्री आठला ती मला वाढायची आणि म्हणायची, तुम्ही बसा, मी मागून बसते. लहानपणापासून मी सगळ्या बायांच्या तोंडून हेच ऐकलं आहे. मागून म्हणजे केव्हा, हे मी कोणाला विचारलेलं नाही. माझी चिठ्ठ्यांची थप्पी समोर पडली होती, त्यावर मीच लिहिलेलं, पोट, पोट, पोट, आणि माझ्या घरातल्या बाईनं काय खाल्लं ते मला सांगता येईना.

घरी आल्यावरही तिनं साखरेचा चहा तेवढा घेतला. दादा आतल्या खोलीत झोपला होता. आम्ही दोघी बाहेर पायरीवर बसलो, आवाज न करता. मी म्हटलं, वहिनी, मला सगळं सांग. तिनं सांगितलं. म्हणाली, ‘डब्याले ताट नसते, मथुराबाई.’

तिचं म्हणणं असं आहे. लग्न होऊन घरात आली त्या दिवशी तू तिला सांगितलंस, आधी धन्याचं ताट उठू दे, मग त्याच ताटात आपण बसायचं. ती यात कधी चुकली नाही. पूर्वी रात्री आठला ताट उठायचं, सकाळी सातला उठायचं, तिचं पोट भरायचं. माझा तक्ता आला आणि रात्रीचं जेवण डब्यात गेलं, सकाळचं पेल्यात. डबा दादाबरोबर जातो. पेला तो उभ्यानं पितो आणि स्वतःच विसळून ठेवतो. उरलं दुपारी तीनचं एक ताट. तक्त्याच्या पहिल्या दोन रात्रपाळ्यांत तिची सकाळ त्या परत आलेल्या अर्ध्या भाकरीवर निघाली. ‘त्यायचं उष्टंच होतं ना ते, चालत होतं.’ मी विचारलं, दादाला ठाऊक होतं? तर म्हणाली, ‘ते माह्यासाठीच ठेवत. आता बहिणीपुढं सांगतील का, बायकोसाठी ठेवतो म्हणून?’ रात्री ती माझ्यासोबत जेवते असं त्याला वाटायचं, अर्धी भाकर वरची. मी म्हटलं, अगं, मग लाल पेन्सिलीनं लिहिलं तेव्हा तू का बोलली नाहीस? तर म्हणाली, ‘तुमचं लिहिलेलं होतं.’

हे वाक्य मला रोज आठवतं. आपल्या घरात लिहिणारी मी एकटी आहे. मी लिहिलं की ते पक्कं, असं तुम्ही सगळ्यांनी धरलं, आणि मीही धरलं.

तिच्या जागरणाचंही मला दिसलं नव्हतं. दादा रात्री जागतो, दिवसा झोपतो. ती रात्री झोपायची असं मी समजत होते. ती माझ्या शेजारी पडायची, पण भोंग्यापर्यंत डोळा लागत नसे, आणि पहाटे पाचला शेगडी पेटवायची. मग दादा झोपला की दिवसभर घरात आवाज नको म्हणून पहारा. भांडं बाहेर नेऊन घासायचं, दाराशी खेळणारी पोरं हाकलायची, भाजीवाल्याला लांबूनच हात करायचा. पाळी दादाची, पण चोवीस तास ती उभी असायची, एका ताटावर. गेल्या साली चौथ्या महिन्यात तिचं पोटातलं गेलं, त्याचाही याच्याशी संबंध होता का, मला माहीत नाही. तेव्हा तक्ता नव्हता, ती दोनदा जेवत होती. म्हणून तसं लिहीत नाही. पण सिस्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं आहे की हिचं रक्त फार कमी आहे, आणि असा आठवडा परत गेला तर या खेपेचंही त्या सांगू शकत नाहीत. हे त्यांनी मला सांगितलं. मी वहिनीला सांगितलेलं नाही. तुला सांगते आहे.

मी तक्ता त्याच दिवशी फाडायला निघाले होते. वहिनीनंच हात धरला. म्हणाली, त्यायची मान पडत होती ते विसरले का? ते खरंच आहे. दादाचं जेवण मागं फिरवलं तर तो भट्टीपुढं पेंगणार. एकाचं बरं करायचं तर दुसऱ्याचं बिघडतं, असं मी दोन दिवस धरून बसले होते. मग मला तू आठवलीस.

नत्थू तुझ्या पोटात होता तेव्हाची गोष्ट. तुझे दिवस भरत आले होते. बाबा बैल आणायला लांबच्या बाजाराला गेले होते, दोन रात्री आले नाहीत. मी सहा-सात वर्षांची असेन. संध्याकाळी तू लाखोळीचं वरण आणि भात केलास, पळसाच्या एका पानावर एक घास काढून ठेवलास, म्हणालीस, ‘हा त्यायच्या नावाचा,’ आणि जेवायला बसलीस. मी म्हटलं, बाबा तर जेवले नाहीत. तू म्हणालीस, ‘माणूस परगावी गेला का त्याच्या नावाचा घास काढाव अन् जेवाव. पोटुशीनं उपाशी राहू नाही. तेही पोर त्यायचंच आहे.’ मग तो घास तू कोंबड्यांना टाकलास. मला हे पक्कं आठवतं, कारण त्या रात्री मला वाटलं होतं की आता बाबा परगावी उपाशी राहतील.

मी हे वहिनीला सांगितलं. वाटलं, सुटलं. ती ऐकून घेऊन उठली आणि मला मागच्या अंगणात घेऊन गेली. दिवस बुडाला होता. पूर्वेकडं कारखान्यावरचं आकाश तांबडं झालं होतं, कोक बाहेर काढतात तेव्हा होतं तसं. म्हणाली, ‘तेच ना ती भट्टी? अंगणातून दिसून राहिली आहे. याले परगाव कसं म्हणू?’ मी म्हटलं, दादानं सांगितलं तर जेवशील? त्यावर ती हसली. ‘नवरा तर म्हणंलच जेव म्हणून. नवऱ्यानं म्हटलं अन् सोडला, तो नेम कायचा? तुमच्या मायनं सांगतलं होतं, तुमची मायच सोडवू शकते.’ आणि वर मला शपथ घातली की दादाला सांगायचं नाही. तो भट्टीपुढं उभा राहतो, डोक्यात काळजी घेऊन उभा राहू नये. शपथ मी तेवढ्यापुरती घेतली. उद्या त्याची सुट्टी आहे, उद्या भट्टी नाही. उद्या मी त्याला सांगणार आहे, आणि सांगणार आहे हे वहिनीलाही आधी सांगणार आहे.

आता यापुढचं सांगायला मला लाज वाटते. मंगळवारी दवाखान्यात दुपारी कोणी नव्हतं. मी एक कागद घेतला आणि तुझं पत्र लिहिलं. तुझ्या नावानं. ‘सौभाग्यवती मनकर्णा हिला अनेक आशीर्वाद, मी सांगते की रात्रपाळीत जेवत जावं.’ वहिनीला वाचता येत नाही, पण तुझं पत्र आलं की ती खालचा अंगठा बघते, बोट फिरवते त्यावर. म्हणून मी माझा अंगठा शाईच्या गादीवर टेकवला आणि कागदावर नेला. तुझा अंगठा मला माहीत आहे माय. मधोमध विळ्याची आडवी खूण आहे. माझा अगदी गुळगुळीत होता, पेन धरणाऱ्या हाताचा. मी टेकवला नाही. एका लबाडीतून ती पडली नव्हती, पण ती पडल्यावर एक लबाडी मी तुला लिहून पाठवलीच होती, आणि आता दुसरी तिला वाचून दाखवणार होते. आणि ती माझं लिहिलेलं मानते. मी कागद फाडला. शाई मात्र निघाली नाही. घरी वहिनीनं पाहिलं आणि म्हणाली, ‘अवो, शिकल्या-सवरल्या बाईचा अंगठा जांभळा कावून? नाव विसरले का?’ ती किती दिवसांनी हसली होती. मीही हसले, आणि आत जाऊन रडले.

म्हणून हे पत्र लिहिते आहे. माय, तूच सांग, रात्रपाळी परगाव आहे की नाही? माझं म्हणणं मी लिहिते, तू तुझं ठरव. दादा निघतो तेव्हा परगावी जाणाऱ्यासारखी शिदोरी बांधून निघतो. गेटवर बिल्ला दाखवून आत गेला की सकाळच्या भोंग्यापर्यंत तो आमचा नसतो. घराला आग लागली तरी त्याला हाक मारता येत नाही, आम्हाला त्या गेटातून आत जाता येत नाही. बाबा शेतावर असत तेव्हा तू बांधावरून हाक दिलीस की येत, आणि न्याहारी तर तुम्ही दोघं एकाच आंबिलीच्या गाडग्यातून करत होता. तुझा नेम त्या शेतावर कोणाला उपाशी ठेवत नव्हता. भट्टी अंगणातून दिसते हे खरं. पण चंद्रही अंगणातून दिसतो. तू जे ठरवशील ते राधाबाईंकडून लिहून घे आणि खाली तुझा अंगठा दे, खूण नीट उमटू दे. हो म्हणालीस तर तुझा शब्द म्हणून तिला वाचून दाखवीन. नाही म्हणालीस तर तेही वाचीन, एक अक्षर न बदलता. आणि उत्तरच आलं नाही, तर मायनं सांगितलं असं खोटं सांगणार नाही, पण गप्पही बसणार नाही. दादाची पुढची रात्रपाळी लागेल त्या रात्री, तो सायकलवर बसून वळला की, मी दोन ताटं वाढणार आहे. पानावर दादाच्या नावाचा घास मी स्वतः काढीन, आणि तिच्यासमोर बसेन. तिनं हात लावला नाही तर मीही लावणार नाही, त्या रात्री नाही आणि दुसऱ्या दिवशीही नाही. माझं आठचं जेवण मी तक्त्यातून खोडलं आहे. नणंदेला उपाशी ठेवणं तुझ्या सुनेला जमणार नाही, हे मला माहीत आहे, आणि याचा फायदा घेते आहे हेही तुला आधीच कळवते. आज एकोणीस. पत्र गुरुवारपर्यंत तुझ्या हाती पडेल. तुझ्या अंगठ्याची वाट मी बघीन ती सोमवारपर्यंत, अठ्ठावीस नोव्हेंबर, दादा रात्रपाळीला निघेल तोवर, रात्री सव्वानऊपर्यंत.

तुझीच, तुझ्या उत्तराआधी उत्तर देऊन बसलेली,
मथुरा